भ्यालेल्यांनी सोललेले बटाटे

घाबरलेलं माणूस समोर आलं की आक्का त्याच्या हातात उकडलेला बटाटा द्यायच्या. पाणी नाही, साखर नाही, "काय झालं हो?" अशी विचारपूस तर मुळीच नाही. "आदी हात धू," म्हणायच्या, ओट्यावरच्या बादलीकडे बोट दाखवायच्या आणि ओल्या तळहातावर कोमट बटाटा ठेवायच्या. "सोल."

आणि माणसं सोलायची! कापूरहोळच्या अलीकडे, हायवेपासून थोडी आत, एक पाळण्यांची बाग होती. तिचं इंग्रजी नाव आमच्यापैकी कुणाला धड म्हणता यायचं नाही, म्हणून आमच्या लेखी ती पाळण्यांची बागच. तिथल्या आकाशपाळण्यातून उतरणाऱ्यांच्या वाटेतच आक्कांची वडाभज्यांची टपरी. पाळण्यातून उतरलेला भोरचा एक नवा नवरदेव मला आठवतो. चढताना बायकोला "मी आहे ना!" म्हणत होता. उतरला तो तिच्याच पदराला धरून. आक्कांनी त्याला तीन बटाटे सोलायला लावले. एक हवालदार "मी ड्युटीवर आहे" म्हणाला, तर आक्का म्हणाल्या, "मग बसून सोल, ड्युटी उभ्यानंच करायची असती व्हय?" हवालदार बसला. मुकाट्यानं सात बटाटे सोलले आणि वर विचारलं, "अजून आहेत का?"

आक्का डोळे मिचकावून मला म्हणायच्या, "बगितलंस? बायका कामाला मिळत न्हाईत म्हनून मालक लोक रडत्यात. मला भ्यालेली माणसं मिळत्यात, तीबी तिकीट काढून आल्याली."

मी स्वतः आक्कांना मिळाले ती अशीच. तेव्हा मी पस्तिशीची होते. अंगानं चांगली थोराड, आणि काळीज मात्र चिलटाएवढं. पालीला भ्यायची, सासूबाईंच्या खोकल्याला भ्यायची, एसटीच्या कंडक्टरनं "पुढे सरका" म्हटलं तरी मी सरळ खाली उतरून जायची. अशा शूर बाईला तिच्या नवऱ्यानं कौतुकानं आकाशपाळण्यात बसवलं. पाळणा वर गेला, कामथडीची आमची शेतं पायाखाली गेली आणि मी डोळे मिटून ह्यांच्या सदऱ्याचा खिसा धरला. खाली आले तेव्हा खिसा माझ्या हातात होता आणि सदरा ह्यांच्या अंगात. आजूबाजूची माणसं पोट धरधरून हसत होती. मी रडायच्या बेतात असताना कुणीतरी माझ्या हातातला खिसा काढून घेतला आणि बटाटा ठेवला. त्या दुपारी मी अर्धं पोतं सोललं. संध्याकाळी आक्का म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. तुझ्यासारखं सतत भ्यालेलं माणूस मला कायमचं पायजे."

मी सहा वर्षं जात राहिले. त्या मला नावानं कधी हाक मारायच्या नाहीत. "ए भित्रे" म्हणायच्या. मलाही त्याची इतकी सवय झाली की बागेत कुणी कुणाला भित्री म्हटलं की मी "ओ" द्यायची.

आक्का वेल्ह्याकडच्या, तोरण्याच्या पायथ्याच्या. आधी गडाच्या वाटेवर ताक आणि काकडी घेऊन बसायच्या. बाग झाल्याचं कळलं तसं एक कढई, एक झारा आणि एक ताडपत्री घेऊन एसटीनं खाली आल्या. पहिलं वर्षभर टेबल आणि वर ताडपत्री. मग चार बाजूंनी पत्रा लागला, मग गॅसची भट्टी आली, आणि पत्र्यावर कुणीतरी हिरव्या रंगात "चहा वडा भजी" लिहून दिलं. त्यात "भजी"ला जागा कमी पडली म्हणून ती खाली वाकून बसल्यासारखी दिसायची. आक्का म्हणायच्या, "गडाच्या वाटंवर बसले तवा चढून आल्याली माणसं तहानलेली असायची. हितं उतरून आल्याली माणसं भ्यालेली असत्यात. माझं काम तेच, माणूस भानावर आणायचं."

पाळण्यात बसायच्या आधी त्या कुणाला वडा द्यायच्या नाहीत. कुणी कितीही हुज्जत घातली तरी नाही. "आदी वर जाऊन ये. वडा कुटं पळून चाललाय? तूच पळून जाशील." आणि उतरलेल्यालाही लगेच नाही. आधी बटाटा. त्याची साल बघून ठरवायच्या. "भ्यालेलं माणूस साल जाड काढतं," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "निम्मा बटाटा सालीसंगं जातो. भ्या उतरलं की साल पातळ निघती, कांद्याच्या पापुद्र्यावानी. तशी निघाली की द्यायचा वडा. मग तो पोटात ऱ्हातो." मी हे इतकं मनावर घेतलं की घरी माझी मुलगी राणी बटाटा सोलायला बसली तरी तिच्या सालीवरून तिचा गणिताचा पेपर कसा गेला ते ओळखायची.

स्वतः आक्का मात्र कधी पाळण्यात बसल्या नाहीत. पाळणा फिरवणारा सर्जेराव रोज चिडवायचा, "आक्का, फुकट नेतो, चला की." त्या म्हणायच्या, "मी वर गेले तर तेल कोण बगंल?"

हे तेल बघणं म्हणजे काय, ते कळायला मला वर्ष लागलं. आकाशपाळण्याचे लोखंडी पाय ज्या सिमेंटच्या ओट्यात रोवले होते, त्याच ओट्याच्या टोकाला आमची टपरी. पाळणा फिरला की ओटा बारीक थरथरायचा. आपल्या पायाला कळायचं नाही, पण कढईतल्या तेलाला कळायचं. घाणा काढून झाला की आक्का झारा बाजूला ठेवून दोन क्षण तेलाकडे बघत उभ्या राहायच्या. तेलावर काठापासून मध्यापर्यंत एक शहारा जायचा, एका लयीत. "सर्ज्या, आज वंगण घातलं न्हाईस," त्या इथून ओरडायच्या. सर्जेराव हसायचा. मग गुपचूप वंगणाचा डबा उचलायचा, कारण त्यानं खरंच घातलेलं नसायचं.

आता माझ्याकडे येते. हे लिहायला मी इतके दिवस टाळाटाळ केली, आणि आजही ह्या जागी आल्यावर उठून चहा करून आले.

मला त्या तेलाची भीती वाटायची. पाळण्याची वाटायची त्याहून जास्त. उकळतं तेल असं आपोआप शहारताना दिसलं की मला वाटायचं, आता कढई घसरणार आणि माझ्या पायावर येणार. एकदा खरोखर एक थेंब उडाला, मनगटावर तिळाएवढा फोड आला. मी त्यावर हळद लावून, वर चिंधी बांधून आठवडाभर असा हात मिरवला की बघणाऱ्याला वाटावं मी आगीतून गाव वाचवून आलेय. त्याच आठवड्यात मला ती अक्कल सुचली. कापूरहोळच्या पंक्चरवाल्याकडे गेले आणि जुन्या टायरचे चार तुकडे मागितले.

"चपला शिवायच्यात का, वहिनी?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायलाही भ्यायची, पण तेव्हा बोलले.

दुसऱ्या दिवशी आक्का यायच्या आधी मी भट्टीच्या चारी पायांखाली एकेक तुकडा सरकवला. भट्टी पेटली, कढई चढली, पाळणा सुरू झाला, आणि तेल गप्प! आरशासारखं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आक्कांना सांगितलं नाही. त्या हसल्या असत्या, आणि हसण्यालाही मी भ्यायचीच.

त्या दिवशी आक्का घाण्याघाण्याला थांबून तेलाकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी वाकून बघू लागल्या. तिसऱ्या दिवशी पदरानं डोळे पुसून बघितलं. सर्जेरावला हाक नाही, माझी थट्टा नाही. एका पोराच्या हातात बटाटा द्यायलाही विसरल्या. मी विचारलं, "आक्का, बरं वाटत नाही का?" तर म्हणाल्या, "काय न्हाई. वय झालं." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. झारा हातात तसाच धरून त्या भजी करपेपर्यंत उभ्या राहिल्या. ते मी पाहिलं, आणि तरी मला काही कळलं नाही. इतकी मी हुशार.

चौथा दिवस रविवार. शाळेला सुट्टी म्हणून राणी माझ्याबरोबर आली होती. नऊ वर्षांची, माझ्यावर अजिबात न गेलेली. पाळण्यात एक जागा रिकामी दिसली की सर्जेराव तिला बसवायचा. तशी तिसऱ्या फेरीला ती दोन बायकांच्या मध्ये जाऊन बसली आणि वर जाताना मला हात करू लागली. मी सवयीप्रमाणे डोळे फिरवले.

आक्का बादलीत पाणी ओतत होत्या. ओतून झालं, पाणी स्थिरावलं, आणि त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. "भित्रे, हितं ये."

बादली ओट्यावर होती. पाण्यावर शहारा जात होता, पण नेहमीसारखा नाही. तीनदा सारखा जायचा आणि चौथ्याला अडखळायचा, ठेच लागल्यासारखा. आक्कांनी मान वळवून कढईकडे बघितलं. तेल गप्प. परत पाण्याकडे. परत तेलाकडे. मग त्या गुडघ्यावर बसल्या आणि भट्टीखाली बघितलं.

त्या तिथे किती वेळ होत्या? एक श्वासभर असेल. माझ्या अंगातलं रक्त पायाच्या अंगठ्यात उतरलं होतं. त्या उठल्या, गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघता पाळण्याकडे चालू लागल्या.

"सर्ज्या, थांबव."

"आक्का, रांग बगा की केवढी हाय."

"थांबव. पाळणा अडखळतोय."

"तीन दिवस तर कायच बोलला न्हाईत तुमी. साहेबांना इचारतो."

बागेचे साहेब फाटकापाशी, शंभर पावलांवर. सर्जेरावनं फेरी संपवून खालचा पाळणा माणसं बदलायला थांबवला. दोघं उतरली, दार उघडं. पुढची दोघं चढणार तोच आक्का त्यांना बाजूला सारून आत जाऊन बसल्या. जन्मात कधी न बसलेल्या आक्का. दोन्ही हातांनी दार बाहेर ढकलून उघडंच धरलं.

"दार उगडं असलं की फिरवायचं न्हाई, हा तुमचाच नियम हाय न्हवं? मग आता फिरवून दाखव."

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. पायाची बोटं पाळण्याच्या पत्र्यावर आवळलेली होती. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आक्का पाळण्यात का बसत नव्हत्या. तेलाबिलाचं काही नव्हतं हो. त्या भ्यायच्या. माझ्याइतक्याच.

रांगेत गलका झाला. सर्जेराव वैतागून मोटार बंद करून ओट्यापाशी गेला, पाळण्याच्या पायावर हात ठेवला, मग खाली वाकला. वाकलेला तो उठला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. एका पायाचा बोल्ट निम्मा तुटून वर आला होता आणि दुसरा नखानं हलत होता.

"आक्का, उतरा," तो हळूच म्हणाला. "हातानं फिरवून समोरासमोरची माणसं उतरवतो. वेळ लागंल. कुनाला सांगू नगा काय झालंय ते."

मी ऐकलं होतं. मी वर बघितलं. राणीचा पाळणा अगदी टोकाला होता. मला तिचा फक्त निळा फ्रॉक दिसत होता, आणि मी तोंड उघडलं. त्या तोंडातून जे बाहेर येणार होतं ते पार भोरपर्यंत ऐकू गेलं असतं. आक्कांनी उतरल्या उतरल्या माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यांचा हात बर्फासारखा होता.

"ओरडू नगं. ती वरून तुला बगती." त्यांनी मला टपरीपुढे नेलं, जिथून वरून नीट दिसेल तिथे बसवलं, उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं मांडीत दिलं. "सोल. मान खाली घाल आन् सोल. तुझ्या पोरीला दिसूंदे, आई रोजचं काम करती."

मी सोलायला लागले. साल काढता काढता अर्धा बटाटा मुठीतच चिरडत होते. वरून लोखंडाचा कण्ण असा आवाज यायचा आणि माझे खांदे कानाला लागायचे. आक्का शेजारी बसून पुटपुटत होत्या, "सोल. चार उतरली. सोल. वर बगू नगं, हसून एकदा हात कर, मग सोल." मी हसून हात केला. ते हसू कसं दिसलं असेल देव जाणे. सर्जेराव आणि दोन माणसं पाळणा वीतभर फिरवायची, थांबायची, एक जण उतरायचं, मग समोरच्या बाजूचं. राणी शेवटून दुसरी उतरली. चालत आली, आणि माझ्या मांडीतल्या चिरडलेल्या ढिगाकडे बघून म्हणाली, "आई, हे काय केलंस? हे तर सगळं वाया गेलं."

मग मी ओरडले. पोटभर ओरडले.

परत येताना एसटीत राणी सांगत होती, "पाळणा मध्येच थांबला तेव्हा शेजारच्या काकू रडायला लागल्या. मग मी त्यांना खाली दाखवलं, म्हटलं ती बघा माझी आई बटाटे सोलतेय. काही झालं असतं तर ती सोलत बसली असती का? ती तर पालीलाही भिते."

त्या संध्याकाळी निघण्याआधी मी टायरचे चारही तुकडे काढले आणि ओढ्यात फेकले. आक्का पाठमोऱ्या उभ्या राहून कढई घासत होत्या. त्या वळल्या नाहीत, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही कधीच नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दोन-तीनदा "आक्का, एक सांगायचंय" अशी सुरुवात केली आणि दर वेळी मीठ संपल्याचं सांगितलं. आमच्या टपरीत त्या वर्षी मीठ कधी संपलंच नाही.

पाळणा दुरुस्त होऊन पुन्हा फिरला. पुढे बागेत काचेची दुकानं आली, मक्याचे फुलवलेले दाणे आले, आणि आमची टपरी मागे गाड्यांच्या तळापाशी सरकवली गेली. तिथे पाळण्यातून उतरलेलं माणूस पोचेपर्यंत त्याचं भ्या उतरलेलं असायचं. फुकटचे हात गेले. मग लॉकडाउन आला, बाग बंद झाली ती पुन्हा उघडलीच नाही. पाळणा कापून ट्रकमधून नेला. आक्का कढई आणि झारा घेऊन वेल्ह्याकडे परत गेल्या. आज तिथे गवतात सिमेंटचा तो ओटा तेवढा आहे. मध्यंतरी राणीच्या लेकीला दाखवायला घेऊन गेले तर ती म्हणाली, "आजी, इथं तर काहीच नाही." मी म्हटलं, "हळू बोल, इथं तुझ्या आईचा जीव होता."

गेल्या वर्षी निरोप आला की आक्का अंथरुणाला खिळल्यात, दम लागतो. मी चार बटाटे उकडले, डब्यात घातले आणि वेल्ह्याची एसटी धरली. वळणावळणावर डोळे मिटून घेत गेले. काही सवयी जात नाहीत.

आक्का खाटेवर बसल्या होत्या, दोन उशांना टेकून. इतक्याशा झालेल्या. भाची पाणी आणायला आत गेली तसं त्यांनी माझं मनगट धरलं. "भित्रे, लई भ्या वाटतंय गं. दम अडकला की वाटतं, झालं."

मी त्यांचे हात पुसले, डबा उघडला आणि एक बटाटा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्या तो हातात फिरवून बघू लागल्या. मग दम लागेपर्यंत हसल्या. नख लावून बघितलं, पण साल निघेना.

"आक्का," मी म्हटलं, "ते टायर मी ठेवलं होतं." अठरा वर्षं लागली एवढ्या पाच शब्दांना. म्हणताना मी पुन्हा पस्तिशीची होते, आणि कंडक्टर "पुढे सरका" म्हणाला होता.

"मग काय सर्ज्यानं ठिवलं असंल व्हय?" आक्का म्हणाल्या. "टपरीत बाया दोनच. त्यातली एक मी." मग थोडा श्वास घेऊन, "तीन दिस मला वाटलं, माझी नजर गेली. आता मी कशाच्या कामाची? टायर दिसलं तवा आदी बरंच वाटलं मला. डोळं शाबूत हाईत म्हणून. मग वर बगितलं, तर पोर."

"मग ओरडला का नाहीत मला?"

"तू रोजच भ्यालेली. अजून किती भिववायचं?" त्यांनी बटाटा माझ्या हातात परत दिला. "माझ्याच्यानं व्हत न्हाई. तू सोल. मी बगते."

मी खाली बसले, मान खाली घातली आणि सोलायला लागले. वर बघायचं नव्हतं, ओरडायचं तर मुळीच नव्हतं. आक्का वरून बघत होत्या, त्यांचा श्वास चढत होता, अडत होता, पुन्हा उतरत होता.

"साल जाड निघतीय गं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

चौथा बटाटा सोलून झाला तरी मी डब्यात हात घालून पाचवा शोधत होते.